पडवी गेली, कपडे उशाशी आले

गेल्या आषाढात तोंडवलीला एका घरी गेले होते. घरातला पाच वर्षांचा मुलगा चार रात्री खोकत होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असले तरी वाडीत कुणाला काही झाले की निरोप येतोच. दारातून आत पाऊल टाकले आणि तोंडावर ओला, कुबट वास आला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन दोऱ्या बांधलेल्या. त्यांवर शाळेचे गणवेश, दोन साड्या, जीन्स, टॉवेल, एक चादर. दोऱ्यांच्या खाली गादी आणि गादीवर तो मुलगा. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद. कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी धरलेली.

मी काही बोलायच्या आत त्याची आजी म्हणाली, “गो बाय, भायर घातले तर भिजतत, भितर घातले तर कुजतत. मगे घालू खंय?”

मुलाला डॉक्टरकडे पाठवले, औषध सुरू झाले. पण काकीच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हते. “घरात कपडे वाळवू नका” हे सांगणे सोपे आहे. आरोग्यावरच्या भाषणात तसे सांगतातही. पण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि वर जून ते सप्टेंबर पाऊस, अशा गावात चार महिने कपडे वाळवायचे कुठे, हे सांगणारा कुणी भेटत नाही. म्हणून हा लेख.

दोष घरच्या बाईचा नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पैसे वाचवण्यासाठी घरात दोरी बांधणे यात लाजण्यासारखे काही नाही. कपडे वाळवायचे यंत्र एका खेपेला दोन ते चार युनिट वीज खाते. ज्या घरात महिन्याचे बिल बघून पंख्याचे बटण बंद केले जाते, त्या घराला असे यंत्र घ्या म्हणून सांगणे ही चेष्टा झाली. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही २०२२ नंतर विजेचे आणि गॅसचे दर चढले तेव्हा लाखो घरांनी यंत्रे बंद ठेवून घरातच दोऱ्या बांधल्या. गरज सगळीकडे सारखीच असते.

“आमच्या आजीने हेच केले, तिला कुठे काय झाले?” असेही ऐकू येते. आजीच्या घरात आणि आपल्या घरात फरक आहे. आजीचे घर कौलारू होते. कौलांच्या फटीतून हवा येत-जात होती. घराला पडवी होती. छप्पर पुढे उतरलेले, बाजू उघडी, त्यामुळे पाऊस आत येत नव्हता आणि वारा थांबत नव्हता. दोरी त्या पडवीत होती. कपडेही थोडे आणि पातळ होते. एक नेसूचे, एक वाळत घातलेले.

आता आपण स्लॅबच्या घरात आलो. ही प्रगतीच आहे, गळक्या छपराखाली ज्यांनी रात्री काढल्या त्यांना ती विचारा. पण रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे. त्या मापात खोली बसते, स्वयंपाकघर बसते, पडवीला जागा उरत नाही. मुंबईकरांनी पैसे पाठवून बांधलेल्या घरांना पडवी असते, पण दोन वर्षांत तिला भिंत आणि काचेची खिडकी लागते आणि तिची खोली होते. स्लॅबमधून हवा जात नाही, खिडकी पावसामुळे उघडत नाही, आणि दोरी आपोआप झोपायच्या जागेवर येते. घरातल्या बाईने चूक केली असे यात काही नाही. घर बांधताना कपड्यांचा विचार कुणी केला नाही, एवढेच.

एका खोलीत पाणी किती मावते

हा हिशेब एकदा नीट समजून घेऊया, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ तेवढेच पाणी राहते. चार-पाच माणसांच्या घराचे एका दिवसाचे धुणे तीन-चार किलोचे धरले, तर दोरीवर तीन-चार लिटर पाणी टांगलेले असते. कपडा वाळतो म्हणजे ते पाणी नाहीसे होत नाही. ते हवेत जाते.

आता खोलीची हवा बघा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, नऊ फूट उंच खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. २८ अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात मावते. जुलैत आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते, म्हणजे हवा आधीच जवळजवळ भरलेली. उरलेली जागा घनमीटरमागे चार ग्रॅम. अख्ख्या बंद खोलीत मिळून फक्त १०० ग्रॅम, म्हणजे एक कप चहाएवढे पाणी.

तीन-चार लिटर पाणी आणि जागा एका कपाची. म्हणून बंद खोलीत कपडे तीन दिवस ओलेच राहतात. जे पाणी कसेबसे सुटते ते गार भिंतीवर, गादीत, उशीत, कपाटातल्या चांगल्या कपड्यांत जाऊन बसते. खोलीतली हवा तीस-चाळीस वेळा पूर्ण बदलली तरच ते धुणे वाळणार. थोडक्यात, पावसाळ्यात कपडा वाळतो तो हवा बदलल्यामुळे. उष्णतेचा वाटा त्यात कमी आहे.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, ती मिठाची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. कपड्यात घामाचे मीठ राहिले, खाऱ्या वाऱ्याने मीठ बसले किंवा खाडीकाठच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात कपडा खळबळला, तर तो कपडा वाळला तरी पुन्हा दमट होतो. अशा कपड्याला शेवटचे पाणी गोडे हवे, आणि ते पावसाळ्यात फुकट मिळते. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाले की पागोळीखाली बादली लावा आणि शेवटचे खळबळणे त्या पाण्यात करा. फरक हाताला जाणवतो.

ओल अंगावर काय करते

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओल असलेल्या घरांत खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनाचे विकार जास्त आढळतात, असे त्यात नोंदले आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या संशोधकांनी घरात कपडे वाळवण्याचाच अभ्यास केला. घरातल्या दमटपणाचा मोठा वाटा, काही घरांत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, दोरीवरच्या कपड्यांतून येतो, असे त्यांना आढळले. ओलीत बुरशी वाढते आणि गादी-उशीतले डोळ्यांना न दिसणारे किडेही वाढतात. दोन्हींचे कण श्वासातून छातीत जातात. ज्याला दमा आहे, जे मूल लहान आहे, ज्या म्हाताऱ्या माणसाची छाती चुलीच्या धुराने आधीच अधू झाली आहे, त्यांना त्रास आधी होतो.

क्षयरोगाबद्दल एक गैरसमज आहे. ओल्या कपड्यांनी क्षय होत नाही. तो क्षयरोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. पण पाऊस आत येतो म्हणून खिडक्या चार महिने बंद ठेवल्या, तर घरातल्या एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो दाटीच्या वस्त्यांत हवा आणि उजेड आणायचा म्हणूनच. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब आणि रमाई राहिले. हवेचा प्रश्न हा आपल्या वस्त्यांचा जुना प्रश्न आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर “पावसाळी आहे” म्हणून सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा, तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

तिसरा त्रास त्वचेचा. जांघेत, काखेत, कमरेवर गजकर्ण, पायाच्या बोटांत चिखल्या. पावसाळ्यात प्रत्येक वाडीत हे दिसते आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. अर्धवट वाळलेली आतली वस्त्रे अंगावर चढवली की या बुरशीला हवी तशी जागा मिळते. मग दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते. दोन दिवस खाज थांबते, नंतर दुप्पट पसरते. कारण अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. ते खाज दाबते आणि बुरशीला वाढू देते. ट्यूब डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या आणि सांगितले तितके दिवस पूर्ण लावा. घरात एकाला गजकर्ण असेल तर त्याचा टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा. साध्या पाण्याने ही बुरशी मरत नाही. कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा.

लपवून वाळवायचे कपडे

भगिनींनो, आता जे लिहिते ते मोठ्याने बोलायची सवय आपल्याला नाही. पाळीचे कापड आपण कुठे वाळवतो? साडीच्या खाली, परकराच्या आत, न्हाणीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली. ज्या कपड्याला सगळ्यात जास्त ऊन-वारा हवा, त्यालाच आपण सगळ्यात अंधारी आणि ओली जागा देतो. ओडिशातल्या रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कापड पुन्हा वापरणाऱ्या ज्या स्त्रिया ते घरात वाळवत आणि न्हाणी-संडासात लपवून ठेवत, त्यांच्यात बुरशीचा योनिसंसर्ग जास्त आढळला. खाज, पांढरे जाणे, जळजळ हे त्रास पावसाळ्यात का वाढतात, याचे एक उत्तर इथे आहे.

कापड वापरण्यात काही वाईट नाही. ते साबणाने स्वच्छ धुतलेले आणि पूर्ण कोरडे असले पाहिजे. इतर कपड्यांच्या रांगेत, वारा लागेल असे टांगा. फारच संकोच वाटत असेल तर वरून एक पातळ ओढणी टाका, जाड चादर नको. ऊन नसेल त्या दिवसांत वापरण्यापूर्वी गरम इस्त्री फिरवा. घरातल्या पुरुषांनी दोरीवरचे ते कापड पाहून तोंड फिरवायचे कारण नाही. आणि पिळणे, टांगणे, सर आली की धावत कपडे काढणे ही कामे बाईचीच, असे कुठे लिहिलेले नाही. जाड चादर दोघांनी दोन टोके धरून पिळली तर निम्मे पाणी तिथेच गळते.

जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी

कुबट वास सोसता येतो, विजेचा धक्का सोसता येत नाही. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नका. ती पत्र्याला, लोखंडी खांबाला किंवा विजेच्या वायरजवळ बांधलेली असते. पावसात कुठेतरी वायरीचे आवरण फाटते, तारेत वीज उतरते आणि ओला कपडा टाकणारा हात तिला चिकटतो. दर पावसाळ्यात महाराष्ट्रात अशा बातम्या येतात. त्यांत पहिल्याला सोडवायला धावलेले दुसरे माणूसही जाते. नायलॉनची किंवा काथ्याची दोरी वापरा, नाहीतर बांबू. कुणाला धक्का बसलाच तर हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. वायर तुटलेली दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवा.

दुसरी गोष्ट निखारे. बाळाची दुपटी, लंगोट वाळवायला शेगडीत निखारे घालून ती बंद खोलीत ठेवतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. चुलीवर काठीला कपडे टांगले तर धुराचे कण कपड्यात बसतात, आणि ठिणगी पडली तर घर जाते. बाळाच्या कपड्यांना इस्त्री करा. ते स्वस्त पडते आणि जंतूही मरतात.

आज करता येण्यासारखे

ज्या खोलीत झोपतो तिथली दोरी सोडा, ही पहिली गोष्ट. एकच खोली असेल तर निदान रात्री कपडे स्वयंपाकाच्या बाजूला न्या. दोरी भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दोन कपड्यांत चार बोटे जागा सोडा. शर्ट, गणवेश हँगरला लावा. जाड कपडा दुपदरी टाकू नका. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि दार, पाऊस थांबला की लगेच उघडा. उघडीप दहा मिनिटांची असली तरी चालेल. टेबलपंखा कपड्यांच्या रांगेवर आडवा मारा, म्हणजे हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल. साधा पंखा आठ तास चालला तर अर्धे-पाऊण युनिट वीज लागते. पण खिडकी बंद ठेवून पंखा लावला तर तो तीच ओली हवा घुसळत राहतो.

पावसाळ्याचे कपडे वेगळे ठेवा. टर्किश टॉवेलऐवजी पंचा वापरा, तो तीन-चार तासांत वाळतो. जीन्स आश्विनापर्यंत ट्रंकेत जाऊ दे. बुद्धाच्या काळातल्या विशाखेने मागितलेल्या आठ वरांत भिक्षूंना पावसाळ्यासाठी वेगळे वस्त्र देण्याचा वर होता, हे वर्षावासात आपण ऐकतो. पावसाळ्याची वस्त्राची अडचण तिने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. पौर्णिमेला विहारात जायची पांढरी साडी, पांढरा सदरा यांना खळ घालू नका. खळीवर बुरशी धरते, आणि पांढऱ्यावर पडलेले काळे ठिपके पुन्हा जात नाहीत. ते कपडे पूर्ण वाळवून, इस्त्री करून, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.

आणि मागण्यासारखे

एवढे करूनही प्रश्न अर्धाच सुटतो, कारण मूळ प्रश्न जागेचा आहे. माझे मत असे आहे की पडवीला चैन समजणे आपण सोडले पाहिजे. आपल्या पावसाच्या मुलखात ती आरोग्याची गरज आहे, संडासासारखीच. ज्यांचे घरकुल अजून बांधायचे आहे त्यांनी जोत्याच्या वेळीच छप्पर एका बाजूला पाच-सहा फूट पुढे काढायचा विचार करावा. ज्यांना पडवी आहे त्यांनी तिला काच लावू नये. वारा समुद्राकडून येतो, म्हणून कपड्यांची जागा खाडीच्या अंगाला घ्यावी. झडीसाठी निळे प्लास्टिक बांधले तर पाऊस थांबतो आणि वाराही थांबतो. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले तर पाऊस अडतो आणि वारा आत येतो. आपल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होते.

ज्यांना तेवढीही जागा नाही त्यांच्यासाठी वाडीने मिळून एक उघडी शेड उभारावी. वर पत्रा, चार खांब, बांबूच्या आडव्या काठ्या, बाजूला झाप. समाजमंदिराला लागून जागा असेल तर तिथे. “विहाराच्या बाजूला ओली धुणी?” असे कुणी विचारेल. आजारी भिक्षूला स्वतःच्या हाताने धुऊन काढणाऱ्या तथागतांच्या विहाराशेजारी धुतलेले कपडे वाळले तर विहाराला कमीपणा येत नाही. एकेकाळी आपल्या वस्तीचे कपडे धुवायला कुणी घेत नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना स्वच्छ राहणीबद्दल सांगितले, आणि त्यांनी ते मनावर घेतले. स्वच्छ धुतलेला कपडा आपण कष्टाने मिळवला आहे. तो कोरडा करायची जागाही मागायला हवी.

ती मागायची वेळही पावसाळ्यातच येते. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत बायकांनी हा विषय मांडावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे योजना आहे. तिच्यातून वाड्यांना रस्ते, गटारे, समाजमंदिरे मिळाली. कपडे वाळवायच्या शेडचा ठराव लिहून द्या. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा.

तोंडवलीच्या त्या घरी श्रावणात पुन्हा गेले. मुलाच्या वडिलांनी मागच्या बाजूला, खाडीच्या अंगाला, चार पत्रे उतरवले होते. दोन बांबू आडवे बांधले होते आणि कडेला काकीने स्वतः विणलेले झाप लावले होते. आतली एक दोरी अजून होती, पण ती चुलीच्या बाजूला. भिंतीची बुरशी पुसली होती, डाग शिल्लक होता. मुलाचे औषध चालू होते आणि रात्री त्याला झोप लागत होती. कपडे पूर्ण वाळत नाहीत, दोन दिवस लागतात, अशी काकीची तक्रार होती. मी त्यांना शेवटच्या पाण्यासाठी पागोळीची बादली लावायला सांगून आले.